ठोका नेमका कुठून येतो?

जुनी मोटारसायकल चढाला लागली, वरचा गिअर तसाच ठेवला आणि थ्रॉटल पूर्ण पिळला, की कधीकधी इंजिनातून एक वेगळाच आवाज येऊ लागतो. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. थ्रॉटल सोडला की आवाज बंद. आपल्याकडचे मेकॅनिक याला 'नॉकिंग' म्हणतात, तर जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'पिंकिंग' हा शब्द सापडतो. या लेखापुरतं आपण त्याला ठोका म्हणू.

ऐकायला साधा वाटणारा हा ठोका विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंजिन बनवणाऱ्यांची सर्वांत मोठी डोकेदुखी होता. तो कशामुळे येतो हे कळायलाच पहिली वीस वर्षं गेली. नंतर त्यावर एक उपाय सापडला. त्या उपायामुळे ठोका गेला, पण जगभरच्या हवेत शिसं मिसळलं, आणि ते थांबायला २०२१ साल उजाडावं लागलं. एका आवाजाच्या निदानाचा हा इतिहास आहे. त्यात चांगलं विज्ञान कसं केलं जातं हेही दिसतं, आणि ते कुठे थांबवलं जातं हेही दिसतं.

एक इंजिन, अनेक आवाज

आधी आपल्यापुढची अडचण नीट समजून घेऊ. बुलेटसारख्या एका सिलिंडरच्या इंजिनात आवाज करू शकणाऱ्या जागा पुष्कळ. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल झाला असेल तर तो बाजूच्या भिंतीवर आपटतो. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांना जोडणारी पिन (मेकॅनिकांच्या भाषेत 'गजन पिन') झिजली असेल तर टकटक येते. कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक, म्हणजे 'बिग एंड', झिजलं असेल तर जड, घुमल्यासारखा ठोका ऐकू येतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या टॅपेटमध्ये फट जास्त राहिली असेल तर शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक चालू असते. आणि या सगळ्यांखेरीज, कुठलाही भाग झिजलेला नसताना, पेट्रोलच्या जळण्यातून येणारा ठोका असतोच.

यांतला कोणता आवाज आपण ऐकतो आहोत हे ओळखायचं कसं? जुने मिस्त्री दोन गोष्टी करतात. पहिली, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून मूठ कानाला लावतात. १८१६ साली फ्रेंच डॉक्टर लेनेकनं कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर ठेवून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, त्याचाच हा भाऊबंद. (फिरत्या भागांपासून कपडे आणि बोटं दूर ठेवून, आणि उघड्या हवेतच.) पण या पद्धतीत एक फसगत आहे. धातूतून आवाज फार चांगला वाहतो. त्यामुळे खाली क्रँककेसमध्ये होणारा आवाज वर हेडवरही स्पष्ट ऐकू येतो. 'जिथे मोठा तिथेच उगम' असं दर वेळी म्हणता येत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आवाज कुठे येतो यापेक्षा तो केव्हा येतो, आणि काय बदललं की बदलतो, हे पाहायचं.

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोनदा फिरला की प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांनी सावकाश चालू असेल तर क्रँक सेकंदाला १० वेळा फिरतो आणि एका टॅपेटची टिकटिक सेकंदाला ५ वेळा होते. सवयीच्या कानाला हा फरक कळतो. टॅपेटचा आवाज इंजिनावर भार असो वा नसो, तसाच राहतो. पिस्टन आपटण्याचा आवाज इंजिन थंड असताना मोठा असतो. इंजिन तापून पिस्टन प्रसरण पावला की फट कमी होते आणि आवाजही कमी होतो. बिग एंडचा ठोका भार वाढला की वाढतो. आणि पेट्रोलच्या जळण्याचा ठोका इंजिन तापल्यावर, भाराखाली, थ्रॉटल मोकळा असताना येतो आणि थ्रॉटल मिटताच जातो.

म्हणजे शेवटचे दोन वेगळे काढणं सर्वांत अवघड, कारण दोन्ही भाराखालीच येतात. तिथे चुकलं तर नुकसान मोठं. ठोका जळण्याचा असताना बिग एंड समजून इंजिन उघडलं तर खर्च वाया. बिग एंड गेलेलं असताना पेट्रोलला दोष देत गाडी चालवत राहिलं तर एक दिवस कनेक्टिंग रॉड तुटून क्रँककेसच्या बाहेर येऊ शकतो.

हँडलवरची कळ

'व्हिंटेज' हा शब्द आपण कुठल्याही जुन्या गाडीला लावतो. ब्रिटनमधल्या जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांत मात्र तो १९३० पर्यंतच्या गाड्यांसाठी राखलेला आहे. त्या काळातल्या बहुतेक मोटारसायकलींच्या हँडलवर एक छोटी कळ असे. तिच्या साहाय्यानं प्लगमधली ठिणगी लवकर किंवा उशिरा पाडता येई.

ठिणगीच्या वेळेला एवढं महत्त्व का? सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका क्षणात जळत नाही. ठिणगीपाशी ज्योत पेटते आणि ती पसरत जाते. सगळं मिश्रण जळायला दोन-तीन सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील तर एक फेरी २० सहस्रांश सेकंदांची. म्हणजे ज्योत पसरेपर्यंत क्रँक ४० अंशांच्या आसपास फिरून जातो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते.

चढावर इंजिनाचा वेग मंदावला, ठोका ऐकू आला, की चालक कळ थोडी फिरवून ठिणगी मागे घेई. ठोका थांबे. गाडी चालवणं म्हणजे सतत कान देणं होतं. पुढे हे काम वजनाच्या आणि स्प्रिंगच्या यंत्रणेकडे गेलं आणि कळ नाहीशी झाली. चालकाला इंजिनाचं ऐकण्याचं कारण उरलं नाही.

ही कळ निदानासाठीही उपयोगी होती, पण एकटी पुरेशी नव्हती. ठिणगी मागे घेतली की सिलिंडरमधला सर्वोच्च दाब कमी होतो. मग जळण्याचा ठोका जातो आणि झिजलेल्या बिग एंडचा ठोकाही मवाळ होतो. दोन कारणांचा परिणाम एकच दिसत असेल तर तो प्रयोग त्या दोघांत निवाडा करू शकत नाही. निवाडा करणारा प्रयोग वेगळा: बाकी काहीही न बदलता फक्त इंधन बदलायचं. बिग एंडला इंधनाशी देणंघेणं नाही. त्या काळी ब्रिटनमध्ये दगडी कोळशापासून मिळणारं बेन्झॉल पेट्रोलमध्ये मिसळून विकलं जाई. ते भरल्यावर आवाज गेला तर ठोका जळण्याचा. राहिला तर इंजिन उघडायचं.

धातूचा आवाज, पण आपटलं काय?

जळण्याचा ठोका धातूवर हातोडी मारल्यासारखा का येतो? कुठलेच दोन धातूचे भाग तर आपटत नाहीत.

ज्योत प्लगपाशी सुरू होऊन पुढे सरकते तेव्हा जळलेला तप्त वायू प्रसरण पावतो आणि पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला दाबतो. दाबलं की ते तापतं. सायकलच्या पंपाचं तोंड बंद करून दांडा दाबून पाहा, टोक गरम लागतं. कोपऱ्यात अडकलेलं शेवटचं मिश्रण फार तापलं तर ज्योत तिथे पोचण्याआधीच ते आपलं आपण, एकाच वेळी पेट घेतं. दाब अचानक उसळतो आणि त्याची लाट सिलिंडरच्या भिंतींमध्ये इकडून तिकडे आपटत राहते. सिलिंडर घंटेसारखा वाजतो.

हा आवाज किती उंच पट्टीचा असेल याचं गणित वर्गात करता येईल. ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३०० केल्व्हिनला तो सेकंदाला सुमारे ३४७ मीटर असतो. जळणारा वायू सुमारे २२५० केल्व्हिनला आहे असं धरलं तर तापमान साडेसात पट, म्हणून वेग सुमारे पावणेतीन पट, म्हणजे ९५० मीटर. बुलेट ३५० च्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर. लाटेला पलीकडे जाऊन परत यायला १४ सेंटिमीटर अंतर. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ६८०० येरझारा येतात. सिलिंडर गोल असल्यामुळे खरी कंपनसंख्या याहून थोडी जास्त, सात-आठ हजारांच्या घरात असते. म्हणूनच हा ठोका खणखणीत, बारीक लागतो, आणि बिग एंडचा जड. कानाला जाणवणारा फरक खरा आहे आणि त्यामागे कारण आहे.

हॅरी रिकार्डो आणि एक क्वार्ट पेट्रोल

हे सगळं आज सांगायला सोपं आहे. १९०० च्या सुमारास समज अशी होती की ठोका म्हणजे ठिणगीच्या आधीच पेट घेणं. इंजिनातला एखादा लालभडक झालेला कार्बनचा तुकडा मिश्रण वेळेआधी पेटवतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला धक्का बसतो, असं मानलं जाई. तसं घडतंही. पण ठोका म्हणजे तेच का?

केंब्रिज विद्यापीठात १९०४ साली विद्यार्थ्यांची एक स्पर्धा झाली. एक क्वार्ट, म्हणजे सव्वा लिटरहून थोडं कमी पेट्रोल घेऊन कोण सर्वांत लांब जातो? हॅरी रिकार्डो या विद्यार्थ्यानं स्वतः बनवलेल्या एका सिलिंडरच्या इंजिनाची मोटारसायकल आणली आणि ४० मैल जाऊन स्पर्धा जिंकली. त्यामुळे प्रा. बर्ट्रम हॉपकिन्सन यांचं त्याच्याकडे लक्ष गेलं आणि तो इंजिनांच्या संशोधनात ओढला गेला. ठोका आणि वेळेआधी पेटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकातून दुसरी उद्भवू शकते पण त्या एक नव्हेत, हे पुढे रिकार्डोनं ठामपणे मांडलं.

पहिल्या महायुद्धानंतर त्यानं चालू असतानाच संपीडन गुणोत्तर बदलता येईल असं इंजिन तयार केलं. संपीडन गुणोत्तर म्हणजे मिश्रण मूळ आकारमानाच्या कितवा हिस्सा होईपर्यंत दाबलं जातं ते. या इंजिनावर हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय यांच्यासह त्यानं अनेक इंधनं तपासली. बाकी सारं तसंच ठेवायचं आणि ठोका सुरू होईपर्यंत संपीडन वाढवत न्यायचं. प्रत्येक इंधनाची मर्यादा वेगळी निघाली. म्हणजे ठोका हा इंजिनाचा दोष आहे तितकाच इंधनाचा गुण आहे. याच काळात रिकार्डोनं ट्रायम्फ कंपनीसाठी चार व्हॉल्व्हचं ५०० सीसी इंजिन आखलं. ती मोटारसायकल १९२१ साली लोकांपुढे आली. 'ट्रायम्फ रिकार्डो' या नावानं ती आजही संग्राहकांच्या आवडीची आहे.

या मर्यादेला एवढं महत्त्व का होतं ते आकड्यांत पाहू. संपीडन गुणोत्तर ४ असेल तर आदर्श इंजिनाची कार्यक्षमता गणितानं ४३ टक्के येते, ८ असेल तर ५६ टक्के. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण फरक टिकतो. ठोका थांबवता आला तर त्याच पेट्रोलमध्ये गाडी जास्त लांब जाणार होती.

लाल पानं आणि आयोडीन

अमेरिकेत याच प्रश्नामागे चार्ल्स केटरिंग लागला होता. मोटारीला त्यानं विजेचा स्टार्टर आणि बॅटरीवरची ठिणगी दिली होती. गाड्या ठोका देऊ लागल्या तेव्हा लोकांनी दोष त्याच्या बॅटरीला दिला. १९१६ मध्ये त्यानं थॉमस मिजली या तरुण यांत्रिकी अभियंत्याला कामाला लावलं. मिजलीनं सिलिंडरमधल्या दाबाचा आलेख घेतला आणि दाबाची उसळी ठिणगीनंतर येते हे पाहिलं. म्हणजे वेळेआधी पेटण्याचा सिद्धांत इथेही बाद झाला.

पुढची गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी अशी आहे. रॉकेल पेट्रोलपेक्षा जास्त ठोका देतं हे माहीत होतं. रॉकेलचे थेंब नीट वाफ होत नसावेत अशी दोघांची अटकळ. अमेरिकेत एक रानफूल बर्फ वितळण्याआधीच फुलतं आणि त्याच्या पानांची मागची बाजू लालसर असते. लाल रंग उष्णता जास्त शोषत असेल का? मग रॉकेल लाल केलं तर? मिजलीला तेलात विरघळणारा लाल रंग हाताशी मिळाला नाही, म्हणून त्यानं आयोडीन घातलं. रॉकेल लाल झालं आणि ठोका थांबला.

इथे थांबला असता तर 'लाल रंगानं ठोका जातो' हा नियम झाला असता, आणि तो चूक ठरला असता. मिजलीनं दोन उलट प्रयोग केले. इतर लाल रंग घातले. काहीही फरक पडला नाही. मग आयोडीनचं एक रंगहीन संयुग, एथिल आयोडाइड, घातलं. ठोका गेला. रंग काढून आयोडीन ठेवलं तर परिणाम राहतो, आयोडीन काढून रंग ठेवला तर राहत नाही. म्हणजे कारण रंगात नाही, रसायनात आहे. अटकळ पूर्ण चुकीची होती, पण तपासणी चोख होती, म्हणून हाती खरं लागलं.

आयोडीन महाग आणि धातू खाणारं. मग शोध सुरू झाला. १९१९ मध्ये अ‍ॅनिलीन सापडलं. त्यानंतर सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगं प्रभावी निघाली, पण त्यांची दुर्गंधी अंगाकपड्यांतून जाईना. मग मूलद्रव्यांची आवर्तसारणी पुढे ठेवून, गुण कसा वाढत जातो ते पाहत शोध पद्धतशीर केला गेला. कथिल, आणि त्याखाली शिसं. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड इंजिनात घातलं गेलं. एका अमेरिकन गॅलनला, म्हणजे सुमारे ३.८ लिटरना, ३ घनसेंटिमीटर पुरेसं होतं. शिशाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण शेवटच्या मिश्रणातल्या साखळी अभिक्रिया तोडतात, त्यामुळे ते आपणहून पेटत नाही, असं आज मानलं जातं.

ठोक्याची मोजपट्टी

ठोक्याची तुलना करायला एक माप हवं होतं. ते १९२६ च्या सुमारास ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञानं दिलं. त्यानं दोन शुद्ध हायड्रोकार्बन निवडले. एन-हेप्टेन, ज्याच्या कार्बन अणूंची साखळी सरळ असते, फार ठोका देतं. त्याला ० गुण. आयसोऑक्टेन, ज्याच्या साखळीला फांद्या असतात, ठोक्याला दाद देत नाही. त्याला १००. या दोहोंच्या ज्या मिश्रणाइतका ठोका एखादं पेट्रोल देतं, त्यातली आयसोऑक्टेनची टक्केवारी म्हणजे त्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक. सुरुवातीला शुद्ध हेप्टेन मिळालं ते कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या पाइन वृक्षाच्या राळेपासून. हा अंक मोजण्यासाठी संपीडन बदलता येणारं एका सिलिंडरचं प्रमाणित इंजिन १९२० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालं, आणि त्या घराण्यातली इंजिनं आजही प्रयोगशाळांत वापरात आहेत. पंपावर दिसणारा ९१ किंवा ९५ हा आकडा असा आलेला आहे.

उपायाची किंमत

शिसं विषारी आहे हे त्या वेळी कुणाला माहीत नव्हतं असं नाही. फेब्रुवारी १९२३ मध्ये शिशाचं पेट्रोल विक्रीला आलं, पण नाव दिलं गेलं 'एथिल', त्यात शिसं हा शब्द नव्हता. स्वतः मिजलीला त्याच सुमारास शिशाची बाधा होऊन विश्रांती घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या बेवे इथल्या कारखान्यात हे द्रव्य बनवताना बाधा होऊन पाच कामगार मरण पावले आणि अनेक आजारी पडले. महिनाअखेरीस मिजलीनं पत्रकारांसमोर ते द्रव्य हातांवर ओतून आणि हुंगून दाखवलं.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी विरोध केला. हेंडरसन यांचा इशारा असा होता की हे विष इतकं सावकाश काम करील की लक्षात येईपर्यंत ते सर्वत्र पसरलेलं असेल. पुढे नेमलेल्या समितीनं बंदी घालण्याइतका पुरावा नाही असं १९२६ मध्ये म्हटलं आणि अधिक संशोधनाची शिफारस केली. ते संशोधन पुढची कित्येक वर्षं मुख्यतः त्याच उद्योगाच्या पैशावर झालं. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी ठोका कमी होतो हे केटरिंग आणि मिजली दोघांना माहीत होतं. पण अल्कोहोल बरंच मिसळावं लागतं, आणि त्याच्यावर कुणाची मक्तेदारी नव्हती.

इथे निदानाच्या दोन पद्धती शेजारी ठेवून पाहाव्यात. आयोडीनच्या वेळी मिजलीनं उलट प्रयोग केला होता: माझं म्हणणं चूक असेल तर काय दिसेल? शिशाच्या वेळी तो प्रश्न विचारलाच गेला नाही. ठोका थांबला आणि प्रश्न सुटला असं ठरलं. टाकीत घातलेलं शिसं धुराड्यातून बाहेर जाऊन कुठे पोचतं, हे पाहायचं राहून गेलं.

ते पाहिलं क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञानं. पृथ्वीचं वय काढण्यासाठी तो शिशाची समस्थानिकं मोजत होता आणि त्याच्या प्रयोगशाळेत जिथे तिथे बाहेरचं शिसं शिरत होतं. वयाचा आकडा त्यानं १९५६ मध्ये प्रसिद्ध केला, ४५५ कोटी वर्षं. मग १९६५ मध्ये त्यानं दाखवून दिलं की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी जास्त झालं आहे.

आणि १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञानं एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शिक्षकांचा वाटा मोठा होता. मॅसॅच्युसेट्समधल्या दोन गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतलं शिसं मोजलं गेलं. त्याआधी शिक्षकांनी २१४६ मुलांच्या वर्गातल्या वागण्याची टिपणं भरून दिली होती: लक्ष टिकतं का, सूचना पाळता येतात का, काम पुरं होतं का. कुणाच्या दातांत किती शिसं आहे हे शिक्षकांना माहीत नव्हतं. दातांतलं शिसं जितकं जास्त, तितक्या शिक्षकांनी नोंदवलेल्या अडचणी जास्त निघाल्या. बुद्धिमापन चाचण्यांतही फरक दिसला. या मुलांत आजाराचं कुठलंही उघड लक्षण नव्हतं. मुलांच्या शरीरात शिसं रंगांतून येतं, धुळीतून येतं आणि धुरातूनही येतं. पेट्रोलचा वाटा केवढा, हे पुढे कळलं. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधलं शिसं कमी होत गेलं आणि लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं ३७ टक्क्यांनी उतरलं.

अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिशाच्या पेट्रोलवर १९९६ मध्ये पूर्ण बंदी आली. भारतात एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकलं जाऊ लागलं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथली विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. लहान विमानांच्या काही इंजिनांत मात्र शिशाचं इंधन अजून वापरलं जातं.

पुन्हा जुन्या इंजिनाकडे

शिसं गेलं तेव्हा जुन्या मोटारसायकली बाळगणाऱ्यांना चिंता वाटली. शिशाच्या थरामुळे व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा कमी झिजत, हे खरं आहे. सतत जोरात चालवल्या जाणाऱ्या, ओतीव लोखंडी हेडच्या इंजिनात त्या कडांवर आणि टॅपेटच्या फटीवर लक्ष ठेवावं लागतं. पण ठोक्याबद्दल घाबरण्याचं कारण नव्हतं, आणि ते या इतिहासातूनच कळतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर १९५३ पर्यंत ब्रिटनमध्ये सरसकट एकाच प्रतीचं पेट्रोल मिळे. त्याचा ऑक्टेन अंक सत्तरीच्या आसपास होता. बुलेट ३५० ची आखणी त्याच काळातली. १९५५ पासून ती मद्रासमध्ये तयार होऊ लागली. तिचं संपीडन गुणोत्तर साडेसहाच्या आसपास. १९२० च्या दशकातल्या मोटारसायकलींचं त्याहूनही कमी. आज आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल ९१ किंवा त्याहून जास्त अंकाचं आहे, आणि त्यात मिसळलेलं इथेनॉल, म्हणजे तेच अल्कोहोल, ठोक्याला विरोधच करतं. (जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर यांना मात्र ते मानवत नाही, ते बदलून घ्यावेत.) म्हणजे सुस्थितीतल्या जुन्या इंजिनानं आजच्या पेट्रोलवर ठोका द्यायलाच नको.

तरीही देत असेल, तर कारण पेट्रोलमध्ये नाही, इंजिनात आहे. मग क्रमानं पाहायचं. सर्वांत आधी तेलाची पातळी. तेल कमी असताना कुठलीच चाचणी करायची नाही. मग ठिणगीची वेळ आणि ती मागेपुढे करणारी वजनं व स्प्रिंग. मग कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या जोडातून जादा हवा शिरते का, कारण पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं. मग हेडमध्ये साचलेला कार्बन. तो जागाही अडवतो आणि लालभडकही होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये पुन्हा ऐकायचं. एवढं करूनही जड ठोका राहिला तर गाडी बंद करून सिलिंडर उतरवायचा आणि कनेक्टिंग रॉड हातानं वरखाली करून पाहायचा. बाजूला थोडा हलला तर चालतं, वरखाली हलता कामा नये.

बाजारात ठोका घालवणारी द्रव्यं बाटलीत मिळतात. ती ओतण्याआधी वरची यादी पुरी करावी. आवाज बंद झाला म्हणजे बिघाड गेला असं नसतं. शाळेत करून पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग: टिकटिक करणारं घड्याळ लांब बाकाच्या एका टोकाला झाकून ठेवा, मुलांना लाकडी पट्टीचं एक टोक बाकाला आणि दुसरं कानाला लावून घड्याळ कुठे आहे ते शोधू द्या. किती जण चुकतात आणि का चुकतात, यावर पुढचा तास सहज निघेल.